विनंत्यांची वही

"वही आहे ना," असं आग्नेलो मिस्किटा बोलून गेला, आणि सगळं तिथेच बिघडलं.

वही कुणी मागितलीच नव्हती. सकाळी नऊला दारात आलेल्या हवालदाराने एवढंच विचारलं होतं की शुक्रवारी तुमच्याकडे प्रार्थनेला कोण कोण होतं, त्यात हिंदू बायका होत्या का, धर्मांतर चालतं असा चौकीत अर्ज आलाय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होती वीस-पंचवीस माणसं, कुणाकुणाची नावं लक्षात ठेवणार? पण आग्नेलोने चौतीस वर्षं दिवाणी कोर्टात बेलिफची नोकरी केलेली. लोकांच्या दारात जाऊन समन्स द्यायचं, वॉरंट बजावायचं, खोलीचा ताबा घ्यायचा. सरकारने विचारलं की पुरतं उत्तर द्यायचं, ही त्याची नुसती सवय नव्हती, श्रद्धा होती. म्हणून तो म्हणाला, "वही आहे ना. माझी बायको प्रत्येकाचं नाव लिहून ठेवते."

हवालदाराने घड्याळात बघितलं. "मग चार वाजता वही घेऊन चौकीत या. साहेब असतील."

स्वयंपाकघरात जर्ट्रूडने हे ऐकलं आणि गॅस बंद केला. का बंद केला ते तिलाही कळलं नाही, कढी अजून उकळायची होती. ती पिठाच्या डब्यावर बसली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. या माणसाच्या सरळपणाचा तिला अभिमान वाटायचा आणि कधी कधी त्याच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटायचं. आज पहिल्यांदाच भीती वाटली.

"आग्नेल," ती तिथूनच म्हणाली, "तू काय केलंस हे?"

"काय केलं? विचारलं ते सांगितलं."

"विचारलं नव्हतं रे. तूच सांगितलंस."

क्रूसवाडीत ऑक्टोबरचा महिना म्हणजे तेर्साचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. देवळातली मारियामायची, येशूच्या आईची, लहान मूर्ती या महिन्यात घरोघर फिरते. एका घरी एक दिवस, संध्याकाळी सगळे जमतात, तेर्स होतो, चणे वाटतात, दुसऱ्या दिवशी पुढचं घर येऊन मूर्ती घेऊन जातं. मिस्किटांच्या घरी त्यात एक गोष्ट जास्तीची होती. तेर्स संपला की जर्ट्रूड आपली लांब निळी वही घेऊन खिडकीशी बसायची. ज्याला जे मागायचं असेल ते त्याने तिच्या कानात सांगायचं आणि तिने ते नावासकट लिहून घ्यायचं. वर्षभर ती रोज रात्री निजण्याआधी एकेक पान घेऊन प्रार्थना करायची. पुढच्या ऑक्टोबरात मूर्ती आली की विचारायची, काय झालं गं त्याचं? झालं असेल तर लाल पेन्सिलने बरोबरची खूण. तीस वर्षांत वाडीतल्या कुणीही त्या वहीत डोकावून पाहिलं नव्हतं, आग्नेलोनेसुद्धा नाही.

आणि समोरच्या चाळीतली माणसंही यायची. आधी जाईबाई यायची, अबोलीचा गजरा घेऊन. मारियामाय काय नि आमची वेतोबाची पालखी काय, माणसाने फिरत्या देवाला नाही म्हणू नये, असं तिचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी जाईबाई गेली. तेव्हापासून तिची सून, तिच्या निलेशची बायको अक्षदा, गजरा आणते. या शुक्रवारीही आणला होता. सगळे उठून गेल्यावर ती जर्ट्रूडच्या कानाशी वाकली आणि जे बोलली ते जर्ट्रूडने शब्दन् शब्द लिहून घेतलं.

ते शब्द आठवले आणि जर्ट्रूड डब्यावरून उठली. बाहेरच्या खोलीत आली. टेबलावर निळ्या झग्यातली मूर्ती अजून तशीच उभी होती, गळ्यात सुकलेली अबोली. शनिवारी फर्नांडिसांनी मूर्ती न्यायला यायचं होतं. आले नाहीत. या वर्षी आमच्याकडे नको, असा निरोप आला. मग रॉड्रिग्ज, मग कोपऱ्यावरची म्हातारी फिलोमिना. सगळ्यांचं एकच, या वर्षी नको. आज मंगळवार, आणि मारियामाय चार दिवस मिस्किटांच्याच घरी अडकून पडली होती. अर्जाची कुणकुण वाडीला आधीच लागली होती, फक्त मिस्किटांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिने मुलीला, मेगनला, फोन लावला. मग मुलाला, नोएलला. तिचा आवाज ऐकूनच दोघांनी काही विचारलं नाही, येतो म्हणाले.

*

नोएलने मंत्रालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि कारण लिहिलं होतं, वडिलांची तब्येत. वडील समोर ठणठणीत बसून भात कालवत होते. तब्येत बिघडली होती ती नोएलची. बढतीच्या यादीत त्याचं नाव होतं, यादी या महिन्यात निघणार होती. कक्षातला एक सहकारी परवाच हसत हसत म्हणाला होता, काय मिस्किटा, तुमच्यात म्हणे घरोघर देवी फिरवतात? नोएलही हसला होता. ते हसणं आता त्याला आठवत होतं.

"देऊन टाका वही," तो म्हणाला. "त्यात आहे काय? अमक्याला नोकरी लागू दे, तमक्याचा गुडघा बरा होऊ दे. बघतील नि परत करतील. लपवलं तर उगाच संशय."

"लेखी काय आहे?" मेगनने विचारलं. ती फोर्टातल्या वकिलांच्या कचेरीत होती, दादरहून टॅक्सीने आली होती आणि अजून पर्स खांद्यावरून काढली नव्हती. "नोटीस? समन्स? काहीच नाही ना? पप्पा, तुम्ही कोर्टातले. कागदाशिवाय तुम्ही कधी कुणाच्या दारात गेलात? मग हे कागदाशिवाय मागतात आणि तुम्ही देता कसे?"

"कागद नाही ते खरं," आग्नेलो म्हणाला. "पण मागणारा अधिकारी आहे."

"म्हणजे आता तेरावा अध्याय," मेगन म्हणाली.

घरात तेरावा अध्याय म्हटलं की सगळ्यांना कळायचं. बायबलमधला, पौलाने रोमच्या मंडळींना लिहिलेल्या पत्रातला. अधिकार देवाने नेमलेला असतो, अधिकारी हा तुझ्या भल्यासाठी देवाचा चाकर, चांगलं वागणाऱ्याने त्याला भ्यायचं कारण नाही. दोन्ही मुलं हे ऐकत मोठी झाली. शाळेत मास्तरने मारलं तरी तेरावा अध्याय, रेशनच्या रांगेत कुणी मध्ये घुसला तरी तेरावा अध्याय.

"हो, तेरावा अध्याय," आग्नेलो म्हणाला. "आपण वाईट काय केलंय? काही नाही. मग भ्यायचं कशाला?"

"मग भात नुसता कालवत का बसलाय?"

आग्नेलोने एक घास तोंडात टाकला.

"आणि प्रेषित पीटर?" मेगनने सोडलं नाही. "धर्मसभेने सांगितलं, येशूबद्दल गप्प बसा. तो म्हणाला, माणसांच्या आधी देवाचं ऐकणं भाग आहे. तेही त्याच पुस्तकात आहे ना?"

"आहे. आणि मग त्याला नि त्याच्या सोबत्यांना फटके मारले, तेही आहे. ते पळाले नाहीत. उभे राहिले, फटके खाल्ले, मग घरी गेले." आग्नेलोने पाण्याचा घोट घेतला. "लोकांना पीटरचं बोलणं आठवतं, फटके विसरतात."

"डॅम इट पप्पा, हे प्रवचन चार वाजता तिकडे करणार का?" नोएलचा आवाज चढला. "माझ्या नोकरीचं बघा जरा. माझं आडनाव तेच आहे."

जर्ट्रूडने आपलं ताट वाढून घेतलं नव्हतं. वही तिच्या मांडीवर होती आणि तिने दोन्ही हात त्यावर ठेवले होते. "मी देणार नाही," ती म्हणाली. "कुणाला काय करायचं ते करा."

मेगन आईच्या बाजूला जाऊन बसली. नोएलला वाटलं, झालं, आता दोघी एकीकडे आणि मी पप्पांकडे. गंमत अशी की वडिलांशी त्याचं आयुष्यात कधी एकमत झालं नव्हतं. आज झालं होतं, आणि दोघांची कारणं वेगळी होती. वडील देवाला भिऊन देत होते. तो लोकांना भिऊन.

मागच्या जिन्याच्या दारावर टकटक झाली. जर्ट्रूडने वही पदराखाली घेतली. नोएलने दार उघडलं तर अक्षदा, हातात स्टीलचा डबा. डबा रिकामा होता. कुणी बघितलं तर परत द्यायला आले म्हणायला.

"आंटी," ती दारातूनच म्हणाली, "निलेश सकाळपासून चौकीत बसलाय."

"त्याला का बोलावलं?"

"बोलावलं नाय. अर्ज त्यानंच दिलाय. तो आणि व्यायामशाळेतले दोघं. हवालदार पण त्यांच्यातलाच, रोज एकत्र असतात." तिने खाली वाकून जिन्यात कुणी आहे का बघितलं आणि आत येऊन दार लोटलं. "मला म्हणतो, तू तिकडे जाऊन काय काय सांगतेस ते आज कळेल. वही येणारे म्हणाला. आंटी, माझं पान फाडा. पाया पडते. त्यानं ते वाचलं तर तो मला जिवंत ठेवणार नाय."

डबा घेताना नोएलचं लक्ष गेलं. तिच्या एका हातात बांगड्या होत्या. दुसरा हात मनगटापाशी सुजून टम्म झाला होता, त्यात बांगडी चढलीच नसती. त्याने नजर वळवली. मग त्याला स्वतःची लाज वाटली आणि पुन्हा बघितलं.

जर्ट्रूडने वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही.

"फाडायचं नाही," आग्नेलो उभा राहिला. "जर्ट्रूड, मी वही आहे म्हणून सांगितलंय. पान फाडलेली वही दिली तर ते खोटं बोलणं झालं."

"आग्नेल, तिचा हात बघ!"

"बघितला. पण खोटं कसं बोलू?"

अक्षदा त्याच्याकडे वळली. ती त्याच्याशी कधी थेट बोलली नव्हती. वाडीतले सगळे त्याला थोडे वचकून असत. "अंकल, मी काय लिहायला सांगितलंय ते तुम्ही वाचलंय?"

"नाही. मी ती वही वाचत नाही. ती जर्ट्रूडकडे सांगितलेली गोष्ट आहे. मला अधिकार नाही."

"तुम्हाला वाचायचा अधिकार नाय," अक्षदा म्हणाली, "मग त्याला द्यायचा कसा आहे?"

खालून निलेशच्या फटफटीसारखा आवाज आला आणि अक्षदाचा चेहरा पांढराफटक पडला. फटफट पुढे निघून गेली. ती आली तशी जिन्याने गेली. डबा नोएलच्या हातातच राहिला.

*

तीन वाजता आग्नेलो वही घेऊन आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. जर्ट्रूडने ती त्याला दिली कशी, हे त्याला कळलं नव्हतं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "न्यायची तर वाचून ने. आपण काय देतोय ते तरी माहीत असू दे तुला."

त्याने चष्मा पुसला. शेवटचं लिहिलेलं पान आधी काढलं. जर्ट्रूडचं गोल गोल अक्षर. "अक्षदा. मुलीला घेऊन चिपळूणला आईकडे जायची हिंमत व्हावी. दिवाळीच्या आधी. निलेशला कळू नये."

म्हणजे कुणाच्या धर्माचा यात काही संबंधच नव्हता. एका बाईला माहेरी जायचं होतं. चार वाजता ही ओळ साहेबांच्या टेबलावर, साडेचारला निलेशच्या डोळ्यांसमोर, आणि संध्याकाळी समोरच्या चाळीत काय होईल ते त्याला खिडकीतून ऐकू आलं असतं.

मग त्याने मागची पानं उलटली. उलटायची नव्हती, पण हात थांबेना. फर्नांडिसांच्या मुलाची दारू. फिलोमिनाने कुणालाही न सांगितलेली स्तनातली गाठ, पुढे लाल खूण. नोएलचं नाव दहा वर्षांपूर्वीचं, मूल व्हावं म्हणून. खूण नव्हती. नोएल आईजवळ येऊन हे बोलला होता, आणि बापाला कधी कळलं नव्हतं.

असं मध्येच कुठेही उघडत, पानांचे गठ्ठेच्या गठ्ठे मागे टाकत तो अठ्ठ्याण्णव सालापाशी आला आणि तिथे त्याला त्याचंच नाव दिसलं.

"दगडू, वडाळा. त्याच्या आत्म्याला शांती. आग्नेलला झोप लागावी."

पुढे खूण नव्हती. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दर ऑक्टोबरात पहिलं नाव तेच, थेट या शुक्रवारपर्यंत. सव्वीस-सत्तावीस वर्षं ती बाई त्याच्या शेजारी निजून हे मागत होती, आणि त्याला वाटत होतं की तिला काही ठाऊक नाही.

दगडू गिरणीतला कामगार. गिरणी बंद पडली, खोलीचा दावा हरला. आग्नेलो ताब्याचं वॉरंट घेऊन गेला तेव्हा तो तापाने फणफणत खाटेवर पडला होता. उद्या या साहेब, म्हणाला. आग्नेलो म्हणाला, वॉरंट आजचं आहे. माणसासकट खाट उचलून त्यांनी फुटपाथवर ठेवली. चौथ्या दिवशी दगडू गेला. आग्नेलोने त्या रात्री जेवणाच्या टेबलावर तेरावा अध्याय मोठ्याने वाचला होता. मुलं लहान होती. जर्ट्रूड त्याच्याकडे बघत होती.

अधिकारी तुझ्या भल्यासाठी देवाचा चाकर. हे वाक्य त्याने हजारदा म्हटलं असेल. पण ते आपल्यालाही लागू आहे, आपणही त्या दिवशी दगडूच्या दारात कुणाच्या तरी भल्यासाठी उभे होतो, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. चाकराने काय करायचं ते त्यात लिहिलेलं होतं. त्याने फक्त दगडूने काय करायचं तेवढंच वाचलं होतं.

आणि कैसराचं, म्हणजे रोमच्या बादशहाचं, ते कैसराला द्या असं येशूने म्हटलंय, तेही खरं. नाण्यावर कैसराचा चेहरा होता. या वहीत कैसराचं काय होतं? एक ओळही नाही. सगळं त्याला सांगितलेलं, ज्याची आई बाहेर टेबलावर अडकून पडली होती.

तो बाहेर आला तेव्हा पावणेचार झाले होते. त्याने वही मूर्तीच्या पायाशी ठेवली.

"पान फाडलंस?" जर्ट्रूडने विचारलं.

"नाही. जाळायचीही नाही. इथेच राहील."

"आणि तू?"

"मी चाललो. बोलावलंय तर जायला हवं." तो चपला शोधू लागला. समोरच होत्या, त्याला दिसेनात. "जर्ट्रूड."

"काय?"

"वडाळ्याचं वाचलं मी."

ती पुढे आली आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. मग मेगनला म्हणाली, "तू अक्षदाकडे जा. दिवाळीची वाट बघायची नाही. डॉक्टरला हात दाखवायला नेते म्हण, आणि पोरीला बरोबर घे. पुढचं मी बघते." मेगनने पर्स अजून खांद्यावरच ठेवली होती. ती तशीच मागच्या जिन्याने उतरली.

"मी चौकीपर्यंत येतो," नोएल म्हणाला. "आत नाही येणार हां पप्पा. आधीच सांगतो."

"नको येऊ," आग्नेलो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं.

*

चौकी पाच मिनिटांवर. वाटेत फर्नांडिसांच्या खिडकीचा पडदा हलला आणि सरळ झाला. आग्नेलो या रस्त्याने हजारदा गेला होता, दप्तरात कागद घेऊन. आज हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. नोएल फाटकाशी थांबला.

आत बाकावर निलेश बसला होता. त्याने मोबाईलवरून मान वर केली, आधी आग्नेलोच्या हातांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

साहेब तरुण होते, दमलेले, समोर अर्धा चहा. "बसा काका. वही?"

"घरी आहे."

"आणायला सांगितली होती ना?"

"हो साहेब."

"विसरलात?" साहेबांचा आवाज मऊ झाला. "होतं, वय झालं की. हवालदार पाठवतो बरोबर, घेऊन येईल."

किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर बाहेर तरी पडता आलं असतं.

"विसरलो नाही. मुद्दाम आणली नाही. देणार नाही."

निलेश उठला. "बघा साहेब, लपवतायत! मी म्हटलं नव्हतं?"

"तू बस खाली." साहेब आग्नेलोकडे वळले. आवाज आता मऊ नव्हता. "काका, वरून विचारणा आहे. मी लेखी नोटीस काढली की काय होईल कळतं ना? कोर्टात होता म्हणे तुम्ही."

"काढा. मी घेईन. दाराला चिकटवायची वेळ तुमच्यावर आणणार नाही. शिक्षा झाली तर भोगीन. तुम्ही अधिकारी आहात आणि तुम्हाला देवाने नेमलंय असं मी मानतो, अजूनही मानतो, म्हणून तर आलो. पण लोकांनी देवाला सांगितलेलं मी तुम्हाला देऊ शकत नाही. ते माझंच नाही." त्याला धाप लागली. "तुम्ही एक करा. लिहून घ्या. 'वही देण्यास नकार दिला.' तारीख टाका, वेळ टाका. मी चौतीस वर्षं लोकांच्या नावापुढे हे लिहिलंय, नकार दिला, नकार दिला. आज माझ्यापुढे लिहा."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की साहेब. टेबलाखाली बघा माझे पाय."

साहेबांनी बघितलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला, थोडा वेळ तसाच समोर ठेवला, मग पेन उघडलं. "नाव?"

"आग्नेलो सायमन मिस्किटा."

लिहून झालं. आग्नेलोने कागद आपल्याकडे ओढला आणि सवयीने खालपर्यंत वाचला. "पंचाची सही लागेल," तो म्हणाला.

"इथे कोण पंच देऊ तुम्हाला?"

"मी आहे."

आग्नेलोने मागे बघितलं. नोएल दारात उभा होता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात अक्षदाचा तो स्टीलचा डबा. इथपर्यंत तो डबा घेऊन आला होता.

"नातलग पंच म्हणून चालत नाही नोएल," आग्नेलो हळू म्हणाला. "जा तू. जा बाबा घरी."

नोएल गेला नाही. दोन पावलं पुढे आला आणि डबा साहेबांच्या टेबलाच्या कडेला ठेवला.

"मग पंच नको," तो म्हणाला. "त्यांच्या खाली माझं नाव लिहा. ती वही माझ्याही घरात आहे. मीपण नकार देतोय."

साहेबांनी एकदा बापाकडे, एकदा मुलाकडे बघितलं. बाकावर निलेशने मोबाईल उचलून फोटो काढला. पेन कागदावर टेकलं.

"नाव?"

"नोएल आग्नेलो मिस्किटा."

"काय करता?"

नोएलने टेबलावरच्या डब्याकडे बघितलं. आग्नेलोला मुलाचा हात धरावासा वाटला, पण चौकीत तसं करावं की नाही हे त्याला कळेना.

"सरकारी नोकरी," नोएल म्हणाला, आणि मग त्याने आपला हुद्दा, कक्ष आणि खात्याचं नाव, सगळं विचारण्याआधीच सांगितलं.